अल्बमचं नाव ‘कुजबुज’

३ मार्च, सकाळी
ठरलं. सोल म्युझिक बंद. पस्तीस वर्षं तेच गाणं, तीच आरोळी, तोच चकचकीत कोट. परवाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या बाई माझ्या सर्वांत लांब तानेला पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. शिसारी आली. आता जॅझ. जुनी, मुरलेली दहा स्टँडर्ड गाणी, अगदी हळू आवाजात. अल्बमचं नाव ‘कुजबुज’. बायकोला सांगितलं. ती काहीतरी पुटपुटली. हल्ली ही तोंड उघडून बोलतच नाही.

९ मार्च
पियानोवर एक बाई आहेत. वय बहात्तर, बोटं वाकडी झालेली. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. मला म्हणाल्या, गाणं ढकलू नका, त्याला आपणहून येऊ द्या. मला! मी ढकलूनच अख्खे हॉल उभे केलेत. तरी मोठ्या मनाने ऐकून घेतलं.
उद्यापासून रोज एक तास रियाज.

१० मार्च
रियाज नाही. घसा राखून ठेवला.

१४ मार्च, स्टुडिओ
ड्रमर वाजवतच नाही. काठ्या बाजूला ठेवून तारांचे ब्रश घेतो आणि फर्निचर पुसल्यासारखा हात फिरवतो. आवाज शून्य. दोनदा बजावलं. म्हणाला, वाजवतोय की. बाकीचे खाली बघत होते. त्याची लाज वाटली असणार त्यांना. काढून टाकला.

१६ मार्च
नवा ड्रमर. मस्त ठोकतो.

२१ मार्च
रेकॉर्डिंग इंजिनिअर म्हणतो, तुमचा सूर किंचित खाली लागतोय. मी म्हटलं, पियानो वर चढलाय. ट्यून करणारा माणूस बोलावला. दोन तास तपासून म्हणाला, पियानो ठीक आहे. सगळे एकमेकांना सामील. या धंद्यात कुणाला कान म्हणून राहिलेला नाही. किळस येते.
रियाज सोमवारपासून. अर्धवट आठवड्यात सुरुवात नको.

२ एप्रिल
चौथ्या गाण्यात मास्तरीणबाईंनी हात थांबवला, पियानोचं झाकण लावलं आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी बोलल्या. चेहरा गंभीर होता. कौतुक असावं. मी नम्रपणे मान हलवली. त्यांनी पर्स उचलली.

३ एप्रिल
मास्तरीणबाई आल्या नाहीत. इंजिनिअर म्हणाला, त्यांनी काल विचारलं होतं, उद्यापासून मी नाही आले तर चालेल का. मी हो म्हणालो म्हणे! फोन केला तर उचलत नाहीत. नाही तर नाही. कीबोर्डवाला आणला. तो मला सांगायला येत नाही. मी जसा गातो तसा मागे मागे येतो.

२० मे
अल्बम बाहेर आला.

२४ मे
एका समीक्षकाने लिहिलंय: ‘ही कुजबुज शेजारच्या इमारतीत सहज ऐकू जाते.’ लेकीला वाचून दाखवलं, म्हटलं बघ, किती दूरवर पोचलोय. ती फोनवर बराच वेळ गप्प होती. किंवा बोलत होती. लाइन खराब.

२ जून
बायकोने घसा दाखवायला म्हणून डॉक्टरांकडे नेलं. पाटी वाचली तर कानाचे डॉक्टर. फसवणूक. एका काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं आणि आवाज ऐकू आला की दाबा म्हणाले. बराच वेळ बसलो. शेवटी बाहेर येऊन सांगितलं, तुमचं मशीन बंद पडलंय. डॉक्टरांनी शांतपणे कागद दाखवला. मशीनने एकतीस आवाज दिले होते. मी चार वेळा बटण दाबलं होतं, त्यातलं एकदा चुकून.
कधीपासून, असं विचारलं. मी म्हटलं, गेल्या आठवड्यापासून. सर्दी झाली होती. बायको म्हणाली, चार वर्षं. हे मात्र तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की बाहेर बसलेले पेशंटसुद्धा आत बघायला लागले.

११ जून, दुपारी
कानात यंत्रं बसवली. जग फार घाणेरडा आवाज करतं. फ्रिज गुरगुरतो. माझे बूट किंचाळतात. जेवताना एक किळसवाणा मचमच आवाज येत होता. टेबलावर मी एकटाच होतो.
मग दार लावून घेतलं आणि ‘कुजबुज’ लावला. पहिलं गाणं. पहिली ओळ ऐकली. यंत्रं नीट बसली नसतील म्हणून काढून पुन्हा बसवली. परत पहिली ओळ. मग दुसरी. दुसरी संपायच्या आत बंद केला.
कीबोर्डवाला बिचारा माझ्या खाली गेलेल्या सुराला सावरून घेण्यासाठी काय काय करत होता! एकदाही बोलला नाही.
बायको स्वयंपाकघरातून, पाठमोरी, अगदी हळू म्हणाली, “कसं झालंय हो?”
अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू आलं.
मी म्हटलं, “काय म्हणालीस?”