व्हॅनचं मिसिंग

शनिवार, संध्याकाळ. अड्याळ.

व्हॅनचं मिसिंग, म्हणजे इंजिनाचा ठोका मधेच चुकणं, कशामुळे ते आज सापडलं. दोन महिने छळलं. सुमन नातीला सांभाळायला मुलाकडे नागपूरला गेली, तेव्हाच बजावून गेली होती, "धक्के खाणाऱ्या गाडीत मी नाही बसत. आधी ते नीट करा, मग घ्यायले या."

पूर्वी ती स्टिअरिंगवर बसून रेस द्यायची आणि मी इंजिनाला कान लावायचो. आज अ‍ॅक्सिलरेटरवर वीट ठेवली. एकेका स्पार्क प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी काढली तरी आवाज बदलला नाही, म्हणजे तेच सिलिंडर बंद. वायर बदलली, तरी तेच. मग प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर! हा प्लग मीच बसवला होता. पाना तिरपा धरला असणार, दुसरं काय? आणि भेसळ करतो म्हणून शिव्या घातल्या पेट्रोल पंपवाल्याला. आयुष्यात कधी मेकॅनिककडे न गेलेला मी! कुणी बघायला नव्हतं, ते बरंच झालं. बरं कसलं?

नवा प्लग लावला, पुन्हा वीट ठेवली. इंजिन एकसारखं चाललं. हातही न धुता फोन केला.

"गाडी ठीक झाली. उद्या घ्यायले येऊ का?"

ती म्हणाली, "अजून राहू द्या ना जी. पोरगी मले सोडत नाही. अन् तुमचं त इंजिनाशी जमतेच."

"बरं," म्हटलं. दोष काय निघाला, ते तिने विचारलं नाही.

गाडी बिघडलेली होती तोवर ती गाडीमुळे येत नाही, असं तरी म्हणता येत होतं.