एकाच घाण्यातल्या चकल्या

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

जमल्या एकदाच्या चकल्या! पहिले दोन घाणे तेलात विरघळले. तो चुरा ह्यांनी चमच्याने खाल्ला आणि वर म्हणाले, "चव बरोबर आहे हं, शोभना." नशीब.

दोन डबे भरले. एक विलासला, एक मीनलला. दोघांना एकाच घाण्यातल्या चकल्या. नवरा-बायकोचं फाटलं म्हणून मी फराळाची वाटणी करणार नाही. तो माझा पाठचा भाऊ. पण लग्न होऊन आली तेव्हापासून मीनलही माझीच.

मीनलचा हॅम्बर्गचा पत्ता फक्त माझ्याकडे आहे. कोर्टाने लेकीला, अन्वीला, तिच्याकडे दिलं आणि ती आमचं हे झिंडेलफिंगेन गाव सोडून गेली. जाताना म्हणाली, "ताई, विलासला कळू देऊ नका. मेल्डेआम्टमध्येही मी पत्ता बंद करून घेतलाय. सरकारी कचेरीतूनसुद्धा कोणाला मिळणार नाही." घाबरट आहे झालं. विलास तापट, पण मनाने वाईट नाही.

१७ ऑक्टोबर

मीनलचं पार्सल गेलं. माझी कंबर धरलेली, गाडी हे घेऊन गेलेले. विलास कारखान्यात शिफ्टला जाताना आपला डबा न्यायला आला. टेबलावरचं खोकं बघून म्हणाला, "दे, वाटेत टाकतो." दिलं.

२१ ऑक्टोबर

मीनलचा फोन. फराळ पोचला! "ताई, तुम्हीच टाकलंत ना पोस्टात?" — हो म्हटलं. उगाच कशाला तिच्या जिवाला घोर!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

विलासला ओवाळलं. जेवला, बासुंदी दोनदा घेतली. मग फोन आला म्हणून बाल्कनीत गेला. मी आत बेडरूममध्ये रांगोळीचे डबे ठेवत होते. खिडकी वरून जराशी उघडी, किप्प केलेली. कोणाशीतरी हिंदीत बोलत होता.

"हॅम्बर्ग में ही। अभी छुट्टी है, बच्ची घर पे होती है। तीन तारीख से स्कूल है, उसके बाद। मैं यहाँ शिफ्ट में रहूँगा, सब देखेंगे मुझे।"

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच समजतेय. मग म्हणाला, "नहीं, सिर्फ़ डराना नहीं है।"

तो बूट घालत असताना दारात विचारलं, "विलास, काय चाललंय? हे काय ऐकलं मी?"

"काही ऐकलं नाहीस तू."

"अरे, अन्वीची आई आहे ती!"

"अन्वी माझी आहे." लेस बांधता बांधताच बोलला. मग वर बघून म्हणाला, "पत्ता तूच दिलास ना, ताई? आता गप्प बस." आणि गेला. कपाळावर माझंच कुंकू!

२४ ऑक्टोबर

कोणालाही सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. विलास रागात बोलला असेल. नाही — आवाजात राग नव्हताच. दुकानातून सामान मागवावं तसा बोलत होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

लेक घरी आला, वेद, ट्यूबिंगेनहून. कायदा शिकतो म्हणून त्याला विचारलं — माझ्या एका मैत्रिणीचं म्हणून. मी मराठीत, तो जर्मनमध्ये, नेहमीसारखं.

मारण्यासाठी माणूस शोधणं हाच गुन्हा, म्हणाला. पुढे कोणाला ओरखडा नाही आला तरी. आणि ज्याला हे कळलं आणि जो वेळेत बोलला नाही, तोही गुन्हेगार.

"सख्खा भाऊ असला तर?"

"खुनाच्या बाबतीत नात्याला सूट नाही, मामा." आईला मामा म्हणतो, त्याला मी काय करू!

"पण ते हॅम्बर्गला. मैत्रीण इकडची, बाडेन-व्युर्टेमबेर्गची. राज्यच वेगळं."

तेव्हा त्याने काटा खाली ठेवला. कायदा सगळ्या देशाला एकच आहे, म्हणाला. मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी आपणहून मराठीत बोलला, मोडकंतोडकं. "मामा, ती मैत्रीण तू आहे ना?"

रडले मी. आमचे हे दारातून सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "उठ. चप्पल घाल."

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ

सांगितलं पोलिसांना. वेद शेजारी बसला होता. बाई समजूतदार होती, पाणी दिलं. सगळं खरं सांगितलं. फक्त शेवटी तिने विचारलं — पत्ता तर बंद केलेला होता, मग तुमच्या भावाला मिळाला कुठून?

"वाइस इश निष्ट," म्हटलं. मला माहीत नाही.

वेदलाही खरं वाटलं.

२८ ऑक्टोबर

धरलं विलासला, कारखान्याच्या फाटकावर. ज्याच्याशी बोलत होता तोही सापडला. मीनल-अन्वी दुसरीकडे हलवल्या. सुरक्षित आहेत. देवा!

वकिलाने विलासला तोंड उघडू नको म्हणून सांगितलंय. हे ऐकून मला हायसं वाटलं. कशाबद्दल, ते लिहवत नाही.

३१ ऑक्टोबर

मीनलचा फोन. "ताई, तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत." मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग म्हणाली, "पत्ता अन्वीनेच सांगितला असणार. टॅबलेटवर गेम खेळताना बापाशी बोलत असेल. दुसरं कोणाला माहीतच नाही ना! टॅबलेट काढून घेतलाय. पण कबूल करत नाही बघा."

मागून पोरीचा आवाज आला, घसा बसलेला — "इश वार्स निष्ट!" मी नाही केलं.

आता सांग. सांग, शोभना! जिभेवर आलं होतं. आणि मी म्हणाले काय? "लहान आहे गं ती, फार रागावू नकोस."

२ नोव्हेंबर

खरं लिहू? इथे तरी?

ते खोकं मी चुकून नाही दिलं. विलास समोर उभा होता, पत्ता वर होता, आणि मला वाटलं, वाचू दे. नाव वाचून विरघळेल, दिवाळीत जाऊन माफी मागेल, पोरीला बाप मिळेल. मोडलेलं घर मी सांधणार होते! मीनलने जिवाच्या भीतीने सांगितलेली गोष्ट मी चकल्यांबरोबर बांधून दिली.

तिला सांगितलं तर ती पुन्हा माझं तोंड बघणार नाही. अन्वीही दिसणार नाही. म्हणून गप्प आहे. विलासने गप्प बस म्हटलं, आणि मी बसलेच की!

उद्या सांगेन.

३ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

५ नोव्हेंबर

मीनलचा मेसेज: "ताई, अन्वीने कबूल केलं शेवटी. खूप रडली. मीच पप्पांना पत्ता सांगितला म्हणाली. पप्पांना माझ्यामुळे पकडलं, आत्याला सॉरी सांग, म्हणाली."