नुसत्या पाण्याची ऊब

४ डिसेंबर
आले एकदाची काशीला! सांगलीहून निघताना आई रडली, पण मला गाडीतून उतरल्यापासून सगळं आवडतंय. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत लीलाकाकूंकडे खोली मिळाली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठी बोलतात, पण "अगं, आधी गरम खाना खा, मग सामान लाव" अशी. काका गेले, मुलगा ओजस कॅनडात. घरात माणूस आलं म्हणून खूश दिसल्या.

संशोधन संस्थेत यज्ञेशने, म्हणजे माझ्या मार्गदर्शक सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने, कॅलरीमीटर दाखवला. आत छोटासा कप्पा, त्यात पॉलिमरचं द्रावण. वरच्या सुईतून साबणासारख्या सरफॅक्टंटचे थेंब पडतात. दोघं एकमेकांना चिकटले की उष्णतेत होणारा जरासा फरकही यंत्र पकडतं आणि पडद्यावर शिखर उमटतं. काही घडलं नाही, तर सपाट रेघ.

९ डिसेंबर
यज्ञेश बहिणीच्या लग्नासाठी नागपूरला गेला. सर परदेशात. अख्ख्या मजल्यावर मी एकटी. काम मात्र छान चाललंय. सरफॅक्टंटचे रेणू पाण्यात आधी सुटेसुटे हिंडतात. पॉलिमरची लांब साखळी भेटली की तिच्या अंगावर झुबक्यांनी बसतात. आलेख देखणे येताहेत, दाखवायला कोणी नाही. चहावाल्याला "भैया, एक चाय" म्हणायचं, एवढंच दिवसभराचं बोलणं. घरी काकू ओजसच्या फोनची वाट बघत मोबाइल मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. त्या वेळी मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही.

१५ डिसेंबर
यंत्र तपासायला आज नुसत्या पाण्यात नुसतं पाणी सोडलं. रेघ जवळजवळ सपाट यायला हवी. शिखरं आली, चांगली उंचच उंच. कप्पा धुतला, सुई साफ केली, पाणी बदललं. पुन्हा तेच. चहाला गेले तेवढ्या वेळात रेघ सपाट. परत येऊन खुर्चीत बसले, की शिखर.

वैतागून मोठ्यांदा म्हटलं, "काय पाहिजे तुला?"

थेंब पडायच्या आधीच रेघ चढली.

१८ डिसेंबर
आता मी त्याच्याशी बोलते. आईबद्दल, इथल्या धुक्याबद्दल, कॉलेजात तुटलेल्या मैत्रीबद्दल. थांबले की रेघ उतरते, बोलले की चढते. इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकल्याचं आठवत नाही. लॅबमध्ये हीटर नाही, तरी तिथे बसलं की उबदार वाटतं. उठवत नाही.

२० डिसेंबर
चहाचा कप देताना काकूंनी माझा हात धरला आणि झटक्यात सोडला. "बाप रे, बर्फ झालाय हात! ठंड लागत नाही तुला?" नाही लागत. त्यांनी थर्मामीटर लावला. आकडा आलाच नाही. सेल गेला असेल म्हणून त्यांनी स्वतःला लावून पाहिला, तर त्यांचा नीट आला.

घाबरून यज्ञेशला फोन केला. यंत्राचं सगळं सांगितलं. त्याने लगेच विचारलं, तू तिथे एकटी तर बसत नाहीस ना? गेल्या हिवाळ्यात मैत्रेयी नावाची मुलगी एकटी बसायची. आता गंगेपलीकडे रामनगरला, आईवडिलांच्या घरी असते. सगळ्यांनी कामाचा ताण म्हणून सोडून दिलं, त्यानेही. तुला आधीच सांगायला हवं होतं, म्हणाला.

२१ डिसेंबर
रामनगरला जाऊन आले. मैत्रेयी गच्चीवर उन्हात बसली होती, अंगावर दोन रजया. माझ्याच वयाची. ओठ निळसर. आई तिचे तळहात चोळत होती. म्हणाली, मे महिन्यातही अशीच बसते, अक्षर बोलत नाही. मी लॅबचं नाव काढलं तशी मैत्रेयीने मान वळवली.

"अजून ऐकतं का ते?"

आवाजात भीती नव्हती. हेवा होता.

पुलावरून परतताना ठरवलं. उद्या यंत्र बंद करायचं, किल्ली ऑफिसात द्यायची आणि मिळेल त्या गाडीने घर गाठायचं.

२२ डिसेंबर
यंत्र बंद केलं. प्लगही काढला. दारापर्यंत गेले आणि अशी हुडहुडी भरली की दात थांबेनात. बाहेर फार थंडी. खुर्चीपाशी ऊब. जरा वेळ बसते, मग निघते —

पडदा काळा आहे. तरी ते ऐकतंय. कळतं मला. सगळं सांगून टाकलं.

काकूंचे फोन येताहेत. बोटं पेनाभोवती आखडलीत, फोन उचलता —

२३ डिसेंबर
खिडकीत ऊन आलंय. पाय हलत नाहीत. आवाज गेला. मी गप्प, तर ऊबही जातेय —

दार वाजलं. काकू! मला शोधत आल्या. शाल अंगावर टाकली, घरी चल म्हणाल्या, हात धरला. या वेळी सोडला नाही.

मग थबकल्या.

"किती ऊब आहे गं इथं."

नको —

खुर्ची ओढून बसल्या. माझ्याकडे नाही, यंत्राकडे तोंड करून. ओजस लहान होता तेव्हाचं सांगताहेत — हसताहेत — इतक्या कधी हसल्या नव्हत्या —

ओरडते, पण आवाज निघत नाही. मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे धरते —

काकू, बोलू नका. चला इथून.

बघत नाहीत. माझा हात सुटला त्यांच्या हातातून. त्यांचा आता माझ्याइतकाच —

काकू, उठा

काकू उ