पिन नसलेला कनेक्टर

आई, तू पदराच्या गाठीत बांधून कारखान्यातून आणलेला तो कनेक्टर अजून माझ्याकडे आहे. साताऱ्यात राहिलो, दहिवडीला राहिलो, कामं सोडली, चपला हरवल्या, हा तेवढा हरवला नाही.

कुपवाडच्या शेडमध्ये तुम्ही बायका अँटेनाच्या वायरींना कनेक्टर बसवायच्या. वायर सोलायची, पकडीने दाबायचं, आणि पेटीत टाकण्याआधी करंगळीचं नख आत घालून पिन टोचते का बघायचं. ही नखाची रीत तुझी. तू हा आणलास त्या आठवड्यात तुझ्या नावाची चिठ्ठी असलेली पेटी परत आली. बायकांनी नीट बसवलं नाही, पिना मोडल्यात, असं सुपरवायझर म्हणाला. त्या रात्री घरी तू गॅसपुढे उभी, भाजी करपतेय, आणि त्या पेटीतल्या ह्या एकात तू नख घालतेस, काढतेस, परत घालतेस. "मोडल्यालं न्हाई रं हे. भोकच हाय, नीट केल्यालं. येगळंच कायतरी असंल. सांगलीत रेडिओच्या दुकानात दाखव, नाव इचारून ये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्यावर सुपरवायझरचंच वाक्य माझ्या तोंडात आलं. दुकानदार म्हणतोय, पिन मोडलीय. "मग माझाच हात चुकला," एवढंच म्हणालीस आणि सकाळी जाऊन तसं कबूल केलंस. पुढे तुझ्या हातात पकड आली नाही, झाडू आला. शेवटच्या तापातही तुझी करंगळी गोधडीच्या भोकात घालून तू काहीतरी चाचपत होतीस.

गेल्या महिन्यात शिरवळला वायफायच्या कामावर एका जुन्या कारागिराला तो दाखवला. त्याने उजेडात धरला. म्हणाला, हा उलट्या पिनेचा. आटे तेच, पण पिन समोरच्यात आणि भोक ह्यात. साध्यावर पिळला तर गच्च बसतो, आत काहीच टेकत नाही. म्हणजे आई, तुमच्या शेडमध्ये मालच चुकीचा आला होता. मी विचारलं, मोडलेला नाही ना? "कुठलं मोडतंय. लय बेस दाबलाय की कुणीतरी."

तेव्हापासून कुठलाही कनेक्टर हातात आला की माझी करंगळी आत जाते आणि तू मागे उभी असतेस. मी वळून बघत नाही.

हा कागद तुझ्या त्या कनेक्टरभोवतीच गुंडाळून ठेवणार आहे. आई, त्या दिवशी वाटेत उसाची ट्रॉली उलटली होती. मी ऊस खात क्रेन बघत बसलो, दुकानात गेलोच नाही. घरी आल्यावर तू माझ्या हनुवटीला चिकटलेली उसाची साल काढलीस, आणि मग विचारलंस, काय म्हणाला दुकानदार.