आधी पाणी, मग कात्री

४ जानेवारी

चि. धाकटीस,
प्रभूमध्ये सलाम व अ. आ.

तू पाठवलेली कात्री पोचली. काय धार आहे गं! आमची जुनी कापायची कमी आणि चावायची जास्त.

तिचं उद्घाटनही झालं. पोस्टाच्या पायऱ्यांवर एक आजी बसायची, तिला ताप चढला म्हणून हातगाडीवाल्याने इथे आणून सोडली. आमच्या सेवाघराचा नियम तुला पाठच आहे: आधी पाणी, मग कात्री, मग खाट. मीच केलेला. आजीचे पांढरे केस कमरेखाली आलेले आणि त्यात उवाच उवा. एका डोक्यातून सगळी खोली धरतात मेल्या. मी स्वतः बसले आणि पार मुळापासून साफ केले. केस आणि कपडे मागच्या अंगणात जाळून टाकले. आजी इतकी स्वच्छ दिसायला लागली की मला माझंच कौतुक वाटलं.

पण बाई एक नंबरची हट्टी आहे. तोंडावर चादर घेऊन भिंतीकडे वळून पडलीये. सूप नेलं तर ढुंकून बघत नाही. आपण जीव टाकावा आणि यांनी नखरे करावेत! येईल हळूहळू वळणावर.

लेकीला पापे. तुझ्या प्रार्थनेत मला जागा असू दे.
तुझी,
ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी हुरळून जाऊन ते रविवारी उपासनेनंतर मंडळीत वाचून दाखवलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. पुढच्या महिन्यात तुझा सत्कार करायचं ठरलंय. मी तर अशी मिरवत घरी आले, जणू सगळ्या गोरगरिबांना अंघोळ मीच घातली.

संध्याकाळी लेकीची वेणी घालायला बसले आणि हात थांबला. ताई, आई आठवली गं. शेवटच्या आजारात डॉक्टरीणबाई केस कापा म्हणाल्या, तेव्हा आईने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं होतं. तू त्यांना ठणकावलंस, की तिला विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. उवा तेव्हाही होत्याच. तू रोज ओल्या फणीने एकेक बट सोडवत बसायचीस.

या आजीला विचारलंस का? पत्रात कुठे दिसलं नाही. घरात बसून पत्रं लिहिणारीला बोलायला काय जातं, असं म्हणशील. पण तेच पत्र मी मोठ्या आवाजात वाचलं आणि मलाही काही खटकलं नाही, याची मला फार लाज वाटते. आजीने खाल्लं का? माझा जीव टांगणीला लागलाय.

राग आला तर येऊ दे, माया मात्र पातळ करू नकोस.
तुझी,
धाकटी

१७ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

नाही विचारलं. ती नको म्हणत होती का, तेही मला सांगता येत नाही, कारण कापताना मी वरच्या पट्टीत स्तोत्र गात होते.

तुझं पत्र वाचून आधी चिडले. मग आईचा चेहरा समोर आला आणि मला बसवेना. आईसाठी जे कळत होतं, ते या बाईसाठी कसं नाही कळलं? ती गरीब, म्हणून तिचं डोकं माझ्या मालकीचं? आणि वर तिलाच हट्टी म्हणाले. मला लाज वाटते, धाकटे. माझ्याच खोल्यांतून चोरासारखी फिरते.

काल तिच्याजवळ बसून माफी मागितली. चादरीतून तिचा हात बाहेर आला, स्वतःच्याच डोक्यावरून एकदा फिरला आणि परत आत गेला. बस्स. दोन घोट पाणी सोडलं तर ती काही घेत नाही. असंच चाललं तर आजी हाती लागायची नाही, असं नर्सबाई म्हणाल्या.

सत्काराचं नाव काढू नकोस. आणि हेही पत्र मंडळीत वाच. ते वाचलंस तसंच, मोठ्याने.

आजीसाठी प्रार्थना कर. माझं राहू दे.
तुझी,
ताई

२३ जानेवारी

ती. ताईस,
सलाम, वि. वि.

वाचलं. पाळकसाहेबांनी आजीसाठी प्रार्थना केली.

सोबत आईची लाकडी फणी पाठवते. केस कापलेल्या बाईकडे फणी पाठवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, मला कळतं. पण कात्रीही मीच पाठवली होती ना.

लोभ आहेच, पण आजीची खबर आधी कळव.
तुझी,
धाकटी

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

आजी जेवली! सूपात मीठ नाही म्हणून मला झापलंसुद्धा. आता कसं झालं ते सांगते.

तुझी फणी आली त्या दुपारी मी तिच्या खाटेजवळ जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसले. डोक्यावरचा रुमाल सोडला, कात्री मागे तिच्या हाताशी ठेवली आणि म्हटलं, की माझेही काप, मुळापासून. ती हलेना. मला वाटलं, आता कापते. खरं सांगू? माझा हात अंबाड्याकडे चालला होता, तो मी आवरला. या वयातही केसांचा एवढा मोह! तेव्हा कळलं, तिला त्या दिवशी काय वाटलं असेल.

तिने कात्री उचलली आणि उशीखाली ठेवून दिली. अजून तिथेच आहे. मला लागली की तिच्याकडे मागावी लागते, आणि ती कशाला हवी म्हणून विचारते. नवीन येणाऱ्यांना आम्ही आता आधी विचारतो. नको म्हणाल्या तर फणी घेऊन बसतो, वेळ लागला तर लागला.

तर त्या दुपारी कात्री ठेवल्यावर आजीने फणी मागितली. माझा अंबाडा सोडला, गुंता हलक्या हाताने काढला. किती दिवसांत मला असं कोणी विंचरलं नव्हतं. केसांचे तीन पेड केले आणि थांबली. वाकून हळूच विचारलं, की वेणी घट्ट घालू का सैल.

मी सोडलेल्या रुमालाने आधी डोळे टिपले. आजी केस हातात धरून तशीच थांबली होती. मी सांगेपर्यंत तिने पहिला पेड गुंफला नाही.

तुझी,
ताई