धवलारणीचा मुलगा

कल्याण, मे १९९७

प्रिय कान्हा,

तुझी पत्रिका परवा पोचली. सोनेरी अक्षरं, वर गणपती आणि आत तुझाच फोटो. लग्न नीलाचं आहे की तिच्या बापाचं, हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. राग मानू नकोस. तुझा शेंबूड पुसलाय मी, एवढा हक्क थोरल्या बहिणीला असू दे.

तू मोठा झालास हे खरंच. डोंबिवलीच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी बडवणारा तू, त्र्याऐंशी साली तुझी कॅसेट आली आणि कल्याणपासून ठाण्यापर्यंत एकही मांडव तिच्यावाचून राहिला नाही. कोळीगीताला ऑक्टोपॅड लावलास तो तूच. आता जो उठतो तो चमकीचा शर्ट घालून तुझ्यासारखाच नाकात गातो. पेपरवाले तुला कोळी पॉपचा राजा म्हणतात. म्हणोत बापडे.

पण ती गाणी आईची होती. आपल्या खाडीकाठी आईने, जनाबाई धवलारणीने, लग्नविधीचं गाणं म्हणजे धवला म्हटल्याशिवाय कुणाच्या घरी हळद कुटली जात नसे. तू तिला गोड बोलून, शेजारी बसून सगळे धवले उतरवून घेतलेस. कॅसेट आली तेव्हा तिने मला विचारलं, माझं नाव कुठे आहे. गीत, संगीत, आवाज, तिन्ही ठिकाणी तूच. मी एका ओळीवर बोट ठेवलं आणि हेच तुझं नाव म्हणून सांगितलं. दोन वर्षं ती त्या ओळीवर बोट ठेवून साऱ्यांना दाखवत राहिली, आणि कोळीवाड्याने माझ्याकडे बघून तोंड मिटलं. मग नीला सुट्टीला आली. दुसरीतली पोर, तिने खडखडीत वाचून दाखवलं की आजी, हे तर पप्पांचं नाव आहे. तिचा काय दोष.

तोवर लोकांना धवलारीण जडच झाली होती. तिला आमंत्रण द्या, लुगडं द्या, दिवसभर मान राखा. त्यापेक्षा तुझी कॅसेट बरी. शेजारच्या धाकूच्या मुलाच्या हळदीला आई नेसून-सवरून ओट्यावर बसली होती, आणि मांडवात तुझा आवाज सुरू झाला. ती उठली, आत जाऊन बोंबील साफ करत बसली. त्यानंतर तिने धवला म्हटला नाही. तू चार वर्षांत फिरकला नाहीस, पण पत्रिकेच्या कोपऱ्यात पेनाने लिहिलंस की टीव्हीवाले येणार आहेत, हळदीला आईनेच गायला हवं.

कान्हा, आई गेल्या गुरुवारी गेली. अग्नी धाकूच्या त्याच मुलाने दिला. नीलाचं लग्न ठरल्याचं तिला बाजारात कळलं होतं, म्हणून शेवटी तिने मला आणि साऱ्या वाड्याला शपथ घातली, "पोरीची हलद-लगीन होऊं दे, मंगच सांग त्याला." सुतक कळल्यापासून लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. वाड्याने शपथ पाळली. मीही पाळली असती, पण परवा तुझी पत्रिका आली. जन्मभर आईचं ऐकलं, एवढं ऐकवत नाही. आतेभाऊ तानाजी हे पत्र घेऊन दुपारीच ठाण्याला निघतोय. आत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नाही. आज संध्याकाळी तुमच्या पोरीला हळद लागायच्या आधी तो तुझ्या दारात असेल. नीलाला माझा आशीर्वाद सांग.

तुझीच थोरली,
सरस्वती