थाळी नंबर चार

१२ मार्च, दुपार

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण तुम्ही म्हणाल, भांडून गेलेल्या पोरीला एकदम तीर्थ कुठून आठवलं. मी बरी आहे. खोलीतला नळ गळत होता, वायसर मीच बदलला; तुम्ही मला ‘वायसर’ म्हणता ते उगाच नाही. आई म्हणाली, तुम्ही पुन्हा पाइप-फिटिंगच्या कामावर जाता आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या ड्रॉवरमध्येच पडून आहेत.

आधी लॅबमधली गंमत सांगते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आम्ही काचेच्या थाळीत जगवतो. उंदराच्या. आत इन्सुलिनच्या इवल्या इवल्या पुड्या असतात, त्या चमकतील असं करतो. थाळीत साखर घातली की पुड्या पेशीच्या भिंतीकडे निघतात, टेकतात आणि फुटतात. एक ठिणगी. मग दुसरी. मायक्रोस्कोपला डोळा लावून इतकी बसले की भुवईवर वळ उठला.

मग दुसऱ्या थाळीत कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाच्या रक्तातलं पिवळं पाणी घातलं. दोन दिवस ठेवलं. साखर तेवढीच, पुड्या तेवढ्याच. पण भिंतीपाशी येऊन थांबल्या. कोलेस्टेरॉल भिंतीतच मुरलेलं. दारात ही गर्दी आणि दार उघडेना.

इन्सुलिन होतं, बाबा. भरपूर होतं.

तुम्हीच शिकवलंत ना, “पाणी येत नसेल तर आधी वाल्व्ह बघ, टाकीला शिव्या देऊ नकोस.” आणि मी काय केलं? मावशी-काकांसमोर म्हणाले, “साखर वाढली ती तुमच्या जिभेमुळे.” तुम्ही ताटावरून उठलात. मी बॅग भरली.

आता मुद्द्याचं. तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं. आमच्याकडे ते लॅबमधल्या सगळ्यात नव्या माणसाने द्यायचं असतं, म्हणजे मी. थाळी नंबर चार, वर माझ्याच अक्षरात ‘निरोगी’. तिच्यातही पुड्या दारातच. वाटलं, हात चुकला. तीनदा केलं. शेवटी लॅबच्या मॅडम म्हणाल्या, “हात ठीक आहे गं तुझा. रक्त कुणाचंय?”

“माझं.”

“मग तपासून घे. थाळीला खोटं बोलून काय मिळणारे?”

तपासलं. मी चोवीस वर्षांची, अशी काडी, गोडाला हात न लावणारी, आणि कोलेस्टेरॉलचा आकडा जवळजवळ तुमच्याएवढाच. साखर अजून ठीक आहे. थाळीत झालं ते माणसात तसंच होतं असं नाही, असं मॅडम बजावतात. पण डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितलीय. आईला बोलले नाहीये.

काल थाळी चारमध्ये कोलेस्टेरॉल ओढून घेणारं औषध घातलं. पाऊण तास काहीच नाही. मग कडेला एक ठिणगी. मग तिच्या शेजारी. मग सगळी भिंतच लुकलुकायला लागली. माझ्या रक्ताने अडवलेली होती ती. मॅडम मागे उभ्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं होतं, “हे आनुवंशिक असतं, घरात कुणाला आहे?” मी म्हणाले, “वडिलांना. त्यांची काही चूक नाही.” हे आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.

रविवारी येते. माझं गोळ्यांचं पाकीट अजून फोडलेलं नाही. तुमचं ड्रॉवरमधून काढून ठेवा, पहिली गोळी एकटीने घ्यायला धीर होत नाही.

तुमच्याच रक्ताची,
वायसर